बंद न होणारी खिडकी

लोहाऱ्यात घरभेटीला गेले की माझी नजर आधी खिडकीकडे जाते. बहुतेक घरांना खिडकी असते, पण ती बंद असते. एका पावसाळ्यात टीबीची औषधे घेणाऱ्या मुलाच्या घरी मी म्हटले, खिडकी उघडा. त्याची आजी म्हणाली, "उघडी ठेवू तरी कशी बाई? पानी आत येते, रात्री चोराचं भेव, अन् रस्त्यानं जाणारा जो तो आत पाह्यते." तिचे एकही कारण खोटे नव्हते. तेव्हापासून नुसते "खिडकी उघडा" सांगणे मी सोडले.

कोंडलेली हवा काय करते?

टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत जातात. बंद खोलीत ते काही तास तरंगत राहतात आणि तीच हवा घरातले सगळे श्वासातून घेतात. बाहेरची हवा खेळती असली की हे जंतू विरळ होतात. चुलीच्या धुराचेही तसेच. सिलिंडर संपला की पऱ्हाट्या-तुराट्या पेटतात आणि तो धूर चुलीपुढची बाई आणि तिच्याजवळचे लेकरू गिळते.

मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. इमारतींमध्ये अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथे टीबीचा त्रास जास्त. झोपडी जाऊन पक्के घर मिळाले, पण हवा मिळाली नाही. पेरू देशातल्या लिमा शहरात रुग्णालयांची तपासणी झाली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत, खिडक्या-दारे उघडी असताना, यंत्राने हवा सोडलेल्या खोल्यांपेक्षाही हवा जास्त बदलत होती.

लुव्हर म्हणजे काय?

बाथरूमच्या खिडकीत एकाखाली एक तिरप्या काचा असतात, त्या आपण पाहिल्या आहेत. तशाच तिरप्या पट्ट्या भिंतीतल्या चौकटीत कायमच्या बसवल्या की झाले लुव्हर. कारखान्याच्या शेडला वरच्या बाजूला असतात तेच. पट्टीचा बाहेरचा काठ खाली झुकलेला असतो, म्हणून पाऊस बाहेर ओघळतो. वरच्या पट्टीची खालची कड खालच्या पट्टीच्या वरच्या कडेखाली उतरते, म्हणून रस्त्यावरून आतले दिसत नाही. हवा मात्र फटीतून येत राहते. लोखंडी पट्ट्या चौकटीला वेल्डिंग केलेल्या असल्या तर चोराचीही भीती कमी. मुख्य म्हणजे ते बंद करता येत नाही. आजीची तिन्ही कारणे इथे मिटतात.

बसवताना

• एकच भोक पुरत नाही. हवा यायला एक, जायला एक. दोन्ही शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत.

• गरम हवा आणि धूर वर चढतो. म्हणून एक लुव्हर छताखाली, दुसरे कमरेच्या उंचीवर. चुलीच्या भिंतीला वरचे हवेच.

• आपल्यासारख्या कोरड्या-उष्ण भागासाठी राष्ट्रीय इमारत संहितेत, दारे सोडून, जमिनीच्या एकदशांश मोकळी जागा सांगितली आहे. १०० चौरस फुटांच्या खोलीला १० चौरस फूट. पट्ट्या त्यातली बरीच जागा अडवतात, म्हणून लुव्हर थोडे मोठेच घ्यावे.

• दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतील तर पुढची आणि मागची भिंत वापरा. मागचीही जोडलेली असेल तर पत्रे दोन टप्प्यांत बसवून मधल्या उभ्या जागेत लुव्हर बसते.

• लाकडाला वाळवी लागते. लोखंडाला रंग द्या. सिमेंटची तयार जाळीही चालते, पण सरळ भोकांच्या जाळीतून पाऊस येतो. तिला वर छज्जा हवा.

त्याचे तोटेही आहेत

मच्छर येतात. आतून नायलॉनची जाळी लावा आणि ती महिन्याला धुवा; धुळीने बुजलेली जाळी म्हणजे भिंतच. मे महिन्यात दुपारी गरम झळ येते, तेव्हा बाहेरून ओले बारदान टांगा आणि सायंकाळी काढा. थंडीत रात्री खालच्या लुव्हरला कापड लावले तरी चालेल, पण वरचे कधीही झाकू नका. प्लास्टिक किंवा पुठ्ठा ठोकून टाकला तर सगळा खर्च वाया.

घरकुल बांधणाऱ्यांनी

रमाई आवास योजनेत आपल्या कुटुंबांना २६९ चौरस फुटांचे घर मिळते. पाया खणला की मिस्त्रीला लुव्हरच्या जागा दाखवून द्या. विटा रचताना चौकट बसवणे सोपे. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडणे महाग. "खिडकी आहे ना" असे मिस्त्री म्हणेल. त्याला विचारा, पावसात रात्री ती उघडी राहील का?

लुव्हर हे औषध नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. औषध रुग्णाला बरे करील. त्याच खोलीत झोपणाऱ्या बाकीच्यांसाठी भिंतीत वाट ठेवणे आपल्या हातात आहे.