पोच घेणारी तार : वऱ्हाडच्या वाटेवरील एका नियमसंहितेची हकीकत

इमादशाहीची राजधानी, निजामाच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्याचे ठाणे आणि इंग्रजी अमलात एलिचपूर नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, अशी चढती-उतरती प्रतिष्ठा भोगलेल्या अचलपूरचा जिल्हा १९०५ साली अमरावतीत विलीन करण्यात आला. आणि त्या एका हुकुमाने येथील प्रत्येक अर्जाला, प्रत्येक दाखल्याला व प्रत्येक रकमेच्या मंजुरीला सुमारे ५० किलोमीटरांची वाट चालणे प्राप्त झाले. १९१३ मध्ये मूर्तिजापुराहून अरुंद मापाची आगगाडी आली, जिला पुढे सारा वऱ्हाड 'शकुंतला' म्हणू लागला. तिने कापसाचे गठ्ठे वाहिले, माणसे वाहिली, टपालाच्या थैल्याही वाहिल्या. कापसाचा भाव आणि सरकारचा हुकूम मात्र गाडीच्या आधी तारेने पोहोचत असे, आणि तारेच्या त्या कडकट्टीपाठोपाठ टेलिफोन आला तरी मूळ प्रश्न तसाच राहिला, की दूरच्या गावातून निघालेला निरोप वाटेत एक अक्षरही न गळता दुसऱ्या टोकाला पोहोचला, याची हमी कोणी द्यावी?

माणूस बोलत असताना या हमीची निकड फारशी भासत नाही. तारेत खरखर झाली तर ऐकणारा "काय म्हणालात?" असे विचारतो आणि बोलणारा पुन्हा सांगतो. संगणकाला ही सोय नाही. खात्यातील शिलकेचा एक आकडा खरखरीत बदलला, तर तो बदललेला आकडाच दुसरे यंत्र खरा मानून मोकळे होते. त्यातून वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन ही जमिनीखालच्या केबलची मोठी वैरीण आहे. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि या आकुंचन-प्रसरणात केबलचे जोड ताणले जाऊन त्यांत पाणी शिरते. मेळघाटच्या बाजूने उठणाऱ्या वादळात खांबांवरच्या तारांचे काय होते, हे परतवाड्याकडच्या वाचकांस सांगावयास नको.

अशा अविश्वसनीय तारांवरून यंत्रांनी एकमेकांशी विश्वासाने कसे बोलावे, याचे एक उत्तर १९७६ साली जिनीव्हास्थित आंतरराष्ट्रीय तार-टेलिफोन सल्लागार समितीने प्रसिद्ध केले. त्याचे नाव अगदीच रूक्ष, 'शिफारस एक्स-२५'. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व कॅनडा येथील तज्ज्ञांच्या वाटाघाटींतून ते सिद्ध झाले आणि त्यात फ्रान्सच्या रेमी देप्रे यांचा वाटा मोठा होता. निरोपाचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, करावयाची. प्रत्येकाला अनुक्रम द्यावयाचा. आणि एकाच तारेवरून अनेकांची पॅकेटे आळीपाळीने सोडावयाची, हे त्याचे बाह्य रूप झाले. त्याचा आत्मा निराळ्याच ठिकाणी आहे. डाकेच्या जुन्या चौक्यांवर हरकारा जशी थैली मोजून देई, पुढचा ती मोजून घेई व पोच दिल्यावाचून पहिल्याची सुटका होत नसे, तशीच येथे तारेच्या प्रत्येक टप्प्यावर मोजणी होते व पोच घेतली जाते. पॅकेट ज्या चौकटीत घालून पाठवितात, त्या प्रत्येक चौकटीच्या शेवटी १६ बिटांची एक तपासणी-संख्या जोडलेली असते. पुढच्या ठाण्याने केलेला हिशेब तिच्याशी जुळला नाही तर ती चौकट रद्द होते आणि मागच्या ठाण्यास ती पुन्हा पाठवावी लागते. चुकीचा माल पुढे सरकतच नाही.

याच काळात फ्रान्समध्येच संगणकतज्ज्ञ लुई पुझाँ यांचे मत याच्या नेमके विरुद्ध होते. जाळ्याने फक्त वाहून न्यावे, हरवले-सापडले याचा हिशेब दोन टोकांच्या यंत्रांनी ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे जे इंटरनेट जगभर पसरले ते याच विचाराच्या बाजूने गेले. इतिहासाने पुझाँ यांना विजयी ठरविले म्हणून एक्स-२५ च्या कर्त्यांना अदूरदर्शी ठरविण्याची प्रथा पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. ज्यांना १९७६ च्या तारा व १९७६ ची महागडी यंत्रे घेऊन काम करावयाचे होते, त्यांनी टप्प्याटप्प्यावर पोच मागितली, हा त्यांच्या परिस्थितीचा यथार्थ विचार होता. फ्रान्सचे 'ट्रान्सपॅक' जाळे १९७८ साली याच संहितेवर उभे राहिले आणि त्याच्याच आधाराने घरोघरी पोहोचलेली 'मिनिटेल' सेवा २०१२ च्या जूनअखेरपर्यंत चालू होती.

आपल्याकडे हा विचार प्रथम सरकारी व वित्तीय कामांतून आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ चीच. त्याने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'निकनेट' उभारले, दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे मोठे संगणक बसविले आणि जिल्ह्या-जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत लहान उपग्रह-तबकड्या तैनात केल्या. मुंबईस जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८६ पासून 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचा एक आधारस्तंभ होते. रिझर्व्ह बँकेने १९९१ च्या सुमारास सुरू केलेल्या 'बँकनेट'मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास यांच्या पंक्तीस नागपूर बसले, ही विदर्भाच्या दृष्टीने विशेष नोंद. पुढे दूरसंचार विभागाचे सार्वजनिक पॅकेट-जाळे 'आय-नेट' या नावाने आले. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार सुरू झाले, तेव्हा दलालांच्या पेढ्यांवरील तबकड्यांतून उपग्रहाद्वारे जी पॅकेटे जात होती तीही एक्स-२५ चीच होती.

उपग्रहाचा आश्रय घेण्याचे कारण उघड होते, जमिनीवरच्या तारांचा भरवसा नव्हता. परंतु पोच मागणाऱ्या संहितेला आकाशमार्ग मानवत नाही. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. निरोप जाऊन त्याची पोच परत येण्यास अर्धा सेकंद लागतो. एक्स-२५ मध्ये सामान्यतः १२८ अक्षरांचे एक पॅकेट आणि पोच येण्यापूर्वी फार तर दोनच पॅकेटे सोडण्याची मुभा, असा संकेत होता. म्हणजे अर्ध्या सेकंदात २,०४८ बिटे, सेकंदाला चार हजारांच्या आसपास. लाइन सेकंदाला ९,६०० बिटांची घेतली तरी निम्म्याहून अधिक वेळ ती पोचेची वाट पाहत स्वस्थ पडून राहणार. तंत्रज्ञांनी ही मुभा दोनावरून सातापर्यंत वाढवून, किंवा जमिनीवरच्या केंद्रातच परस्पर पोच देऊन, हा पेच सोडविला. पण तो सोडविणे म्हणजे तंत्राच्या मूळ स्वभावाशी केलेली तडजोडच होती.

म्हणूनच टेलिफोनची जमिनीवरची लाइन स्वतः अंकीय, म्हणजे डिजिटल, झाली तेव्हा या जुन्या संहितेला नवे घर मिळाले. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने धूळ व उष्मा सोसणारे, वातानुकूलनाची अपेक्षा न ठेवणारे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले, त्यांपैकी पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले, आणि पाठोपाठ देशभरच्या तालुक्यांतील खडखडणारी जुनी यंत्रे जाऊन त्यांच्या जागी शांत कपाटे आली. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आय.एस.डी.एन. ही सेवाही ग्राहकांस मिळू लागली. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याची तीच जुनी दोन तारांची जोडी. पण तिच्यावरून प्रत्येकी ६४ किलोबिटांच्या दोन बी-वाहिन्या आणि १६ किलोबिटांची एक डी-वाहिनी, एकूण १४४ किलोबिट, एकदम वाहू लागले. बी-वाहिन्या बोलण्यासाठी व डी-वाहिनी घंटा, नंबर, उचलले-ठेवले अशा इशाऱ्यांसाठी. इशाऱ्यांना १६ किलोबिट कधीच पुरे लागत नाहीत. ती वाहिनी बहुतेक वेळ रिकामीच असते. मग या मोकळ्या जागेतून एक्स-२५ ची पॅकेटे का नेऊ नयेत? 'शिफारस एक्स-३१' ने हीच वाट आखून दिली, आणि जर्मनी व फ्रान्समध्ये दुकानांतील कार्डयंत्रे वर्षानुवर्षे याच वाटेने बँकेची मंजुरी मागत असत.

ही जोडणी करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. कारण तिच्यातील शिस्त मला एखाद्या जुन्या दफ्तराच्या शिस्तीइतकी सुंदर वाटते. समजा, अचलपूरच्या एखाद्या पेढीत ती करावयाची आहे. भिंतीवर एन.टी.-१ नावाची लहान पेटी बसते; बाहेरची दोन तारांची लाइन तिच्यात येते व आत चार तारांची होऊन निघते. या चार तारांवर आठपर्यंत यंत्रे लागू शकतात आणि शेवटच्या टोकास १०० ओहमचे रोध बसवावे लागतात. ते विसरले की लाइन कधी चालते, कधी चालत नाही, आणि हा दोष शोधताना लाइनमनची दुपार जाते. यंत्र सुरू होताच ते एक्स्चेंजकडे स्वतःसाठी एक ओळखक्रमांक मागते. एक्स्चेंज आपण होऊन देते ते क्रमांक ६४ ते १२६ या मर्यादेतले, आणि जे आधीच ठरवून कायम करावयाचे ते ० ते ६३ मधले. पॅकेटांच्या व्यवहारासाठी निराळे खाते आहे. इशाऱ्यांचे खाते शून्य क्रमांकाचे, पॅकेटांचे १६ क्रमांकाचे. ही दोन्ही खाती एकाच डी-वाहिनीत असल्यामुळे आधी कोणी बोलावे हा तंटा उद्भवतो, आणि त्याचा निवाडा मोठा मार्मिक आहे. वाहिनी मोकळी असता तिच्यावर सलग 'एक' दिसत राहतात. इशारा देऊ इच्छिणाऱ्याने ८ 'एक' मोजून सुरुवात करावी, पॅकेट पाठवू इच्छिणाऱ्याने १० मोजावेत. घंटेला नेहमी पहिला मान. शिवाय ज्याला एकदा बोलावयास मिळाले त्याने पुढच्या वेळी एक अधिक मोजावा, म्हणजे शेजाऱ्यालाही संधी मिळते.

याउप्पर एक्स-२५ चे स्वतःचे कारकुनी काम सुरू होते. दोन्ही बाजू प्रथम पुनरारंभाचे पॅकेट पाठवून जुना हिशेब पुसतात. मग पेढीचे यंत्र हाक देते, तीत समोरच्याचा १४ अंकांपर्यंतचा पत्ता असतो. भारताच्या पत्त्यांचा आरंभ ४०४ ने होतो. प्रत्येक संभाषणाला एक तर्कवाहिनी-क्रमांक लागतो, आणि दोघांनी एकाच क्षणी एकच क्रमांक उचलू नये म्हणून ग्राहकाने वरच्या टोकापासून, जाळ्याने खालच्या टोकापासून क्रमांक घ्यावेत असा दंडक आहे. या क्रमांकांच्या मर्यादा दोन्हीकडे सारख्या लिहिल्या नसतील तर लाइन निर्दोष असूनही हाक परत येते. जुळणी करणाऱ्यास तार, पेटी, वीज सगळे तपासून झाल्यावर शेवटी हा कागदावरचा आकडा सापडतो. सारे जुळले की पेढीतले दोन्ही टेलिफोन बोलत असताना, त्यांना न अडवता, रकमेची मंजुरी तिसऱ्या वाटेने येऊन जाते.

मात्र येथेच या संहितेच्या अस्ताचे कारणही आहे. डिजिटल लाइनवर चुका इतक्या थोड्या होऊ लागल्या की टप्प्याटप्प्यावरची मोजणी हा निव्वळ कालापव्यय ठरला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुले केले. त्यानंतर शाखांच्या जोडण्याही हळूहळू त्याच्याच नियमांवर गेल्या आणि बँकांच्या अनेक शाखांत आय.एस.डी.एन. उरले ते मुख्य लाइन बंद पडल्यास लागणारी राखीव वाट म्हणून. पुढे ब्रॉडबँड व मोबाइल आले. ती पेटी भिंतीवरून उतरली, मागे स्क्रूची दोन भोके राहिली.

१४ जुलै २०१३ च्या रात्री तार बंद झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी लेख लिहिले आणि अनेकांनी आठवण म्हणून शेवटच्या तारा पाठविल्या. शकुंतलेसाठी अचलपूर-मूर्तिजापूरच्या लोकांनी आवाज उठविला, तो रास्तच आहे. या पॅकेट-लाइनींना असा निरोप कोणीच दिला नाही, आणि त्यांची सामग्री भंगारात गेली हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यांचे दस्तऐवज जाऊ नयेत. कोणत्या पेढीला कोणती लाइन कधी मिळाली, कोणते दोष कोणत्या ऋतूत आले, काळ्या जमिनीत कोणती केबल टिकली, याची उत्तरे कोणत्याही आंतरराष्ट्रीय शिफारशीत लिहिलेली नाहीत. ती एक्स्चेंजच्या दोषनोंदवहीत, लाइनमनच्या रोजनाम्यात आणि शाखेच्या जुन्या फायलींत असतात. अचलपूर, परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला येथील निवृत्त दूरसंचार कर्मचारी व बँक अधिकारी या ओळी वाचत असतील, तर त्यांना विनंती आहे की माळ्यावरची ती नोंदवही, ते जोडणीचे आराखडे, ते हाताने लिहिलेले क्रमांकांचे तक्ते रद्दीत घालू नयेत. ग्राहकांची खासगी माहिती वगळून जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या हवाली करावेत, आणि शक्य तर त्यांच्या पहिल्या पानावर स्वतःचे नाव व नोकरीची वर्षे लिहावीत.