झोंबलं म्हणजे जंतू मेले?

पांझरेच्या एका काठावर जुनं धुळे, दुसऱ्या काठावर देवपूर. इथे शाळा-महाविद्यालयं भरपूर, आणि शहर संपलं की कापसाची शेतं. खेळताना फुटलेला गुडघा, वेचणीत बोंडाच्या टोकदार कडांनी ओरबाडलेली बोटं, विळीवर कापलेला अंगठा, अशा किरकोळ जखमा घरोघरी नेहमीच्या. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली जंतुनाशकाची बाटली निघते. औषध उपयोगाचं आहे, पण त्याबद्दलच्या काही समजुती जखमेला नडतात.

गैरसमज : जितकं झोंबेल तितकं औषध लागू पडतं.
वस्तुस्थिती : झोंबणं ही जंतू मेल्याची खूण नाही. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असतं, सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडिन आणि सेट्रिमाइड. ही द्रावणं पाणी न मिसळता ओतली, तर जखम भरून काढणाऱ्या पेशीही मरतात आणि कातडी पोळते. बाटलीवर दिलेलं पाण्याचं प्रमाण मोजूनच घ्यावं.

गैरसमज : आधी औषध, मग बाकीचं.
वस्तुस्थिती : आधी स्वतःचे हात धुवा. मग जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली काही मिनिटं धरा. माती-कचरा निघून जाणं सर्वांत महत्त्वाचं. साबण जखमेभोवती लावा आणि पूर्ण धुऊन टाका, कारण साबण राहिला तर क्लोरहेक्सिडिनचा जोर कमी होतो.

गैरसमज : हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आला म्हणजे घाण निघाली.
वस्तुस्थिती : रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज विकरामुळे ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. स्वच्छ जखमेवरही फेस येतोच. ते रोज लावल्याने जखम भरायला उशीर होऊ शकतो.

गैरसमज : जखम उघडी ठेवली की लवकर सुकते.
वस्तुस्थिती : जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. म्हणून स्वच्छ पट्टी बांधा. ती भिजली किंवा मळली की बदला. आपला मुलूख कापसाचा असला, तरी सुटा कापूस थेट जखमेवर ठेवू नका. तंतू चिकटून राहतात. निर्जंतुक गॉज वापरा.

गैरसमज : हळद, चुना किंवा माती भरली की पुरे.
वस्तुस्थिती : चुना कातडी जाळतो. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे बीजाणू असतात. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते.

गैरसमज : प्रत्येक खरचटण्याला धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच.
वस्तुस्थिती : आधीचे डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांनी, आणि खोल किंवा मळकट जखमेसाठी पाच वर्षांनी पुन्हा डोस लागतो. डोस आठवत नसतील तर डॉक्टरांना विचारा.

बाळ, गरोदर बाई किंवा थायरॉईडचा रुग्ण असेल, तर पोव्हिडोन-आयोडिन हे जंतुनाशक डॉक्टरांना विचारूनच लावा. दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, काटा किंवा खिळा खोल घुसला असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर घरगुती उपचार थांबवून दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांनी पायाची लहानशी जखमही दाखवावी. कुत्रा चावला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालयात जा.

तेव्हा पुढच्या वेळी बाटलीकडे हात जाण्याआधी नळ सोडा.