वायरीत चढलेलं ऑइल

सकाळी ८
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथची घरघर सुरू होते, तेव्हा दुकानासमोर गुळाचा ट्रक उभा असतो. मार्केट यार्डातून रवे भरून आंबा घाटानं रत्नागिरीला जाणारी सहा सिलिंडरची गाडी. ड्रायव्हर सांगतो, "मेस्त्री, गरम झाली की चढाला मिस मारायलीया. ईसीएम बदला म्हणत्यात." ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर; तो खर्च मालकाचा महिना बुडवणारा. आधी तपासू, मी म्हणतो.

सकाळी ९
स्कॅनरवर दोन कोड येतात: पी०२०२ आणि पी०२०३. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्टरचं सर्किट. कोड सर्किटकडे बोट दाखवतो, इंजेक्टर खराब झाला असं सांगत नाही. किल्ली बंद करून बॅटरी सोडवतो आणि ईसीएमचा प्लग काढून पांढऱ्या फडक्यानं टिपतो. फडकं काळं होतं. प्लगात इंजिन ऑइल!

सकाळी १०
इंजिन निवेपर्यंत हाताखालच्या पोराला कारण समजावतो. या इंजिनात इंजेक्टरच्या वायरी टॅपेट कव्हरच्या आत, उडत्या ऑइलमध्ये असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्यांचं आवरण कडक होऊन चिरतं, बाहेर येणाऱ्या प्लगचं सील दबून चपटं होतं. तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटीतून ऑइल समईच्या वातीतल्या तेलासारखं चढतं. क्रँककेसमधला दाब त्याला आणखी ढकलतो. ऑइल स्वतः वीज वाहत नाही, पण रबर फुगवतं आणि काजळी, धूळ पिनांवर आणून बसवतं. तिथून संपर्क तुटायला लागतो. १९९८ साली आलेल्या लँड रोव्हरच्या टीडी-५ इंजिनाचा हा आजार जगभरच्या मेस्त्रींना माहीत आहे.

सकाळी ११
आधी ऑइल प्रेशर स्विच बघतो. त्याचा पडदा फाटला तरी ऑइल वायरीत शिरतं. कधी कधी तोच दोषी असतो. इथं तो कोरडा आहे. टॅपेट कव्हर उघडल्यावर खरं कारण दिसतं: आतल्या हारनेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, आवरण दोन ठिकाणी तडकलेलं, सील चपटं झालेलं.

दुपारी १
भाकरी, झुणका, खर्डा. तोवर पोरगा नवं हारनेस, सील आणि कव्हरचं पॅकिंग घेऊन येतो.

दुपारी २
जुनी वायर तोडून जोड देणं स्वस्त पडतं, पण गरम ऑइल आणि थरथर यांपुढे तो जोड टिकत नाही. म्हणून आतलं हारनेस पूर्ण बदलतो. वायर रॉकरला घासणार नाही अशी क्लिपात बसवतो. मीटरवर प्रत्येक इंजेक्टरचा रोध एका ओमपेक्षा कमी आणि सगळ्यांचा सारखा येतो. बॉडीशी कुठेच शॉर्ट नाही.

दुपारी ४
बाहेरचं हारनेस मोकळं करून प्लग खाली लोंबत ठेवतो, म्हणजे आतलं ऑइल निथळतं. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो आणि हलक्या दाबाची हवा देतो. पेट्रोल वापरत नाही. आगीचा धोका, शिवाय सीलचं नुकसान. स्क्रू-ड्रायव्हरनं पिना खरवडू देत नाही, कारण वाकलेली पिन नवं दुखणं आणते.

संध्याकाळी ६
कोड पुसून भरल्या गाडीची ट्रायल, रत्नागिरी रस्त्यानं बांबवड्यापर्यंत. रिकामी गाडी हा दोष दाखवत नाही. इंजिन तापलं पाहिजे, ओझं पडलं पाहिजे. गाडी एकसारखी ओढते. परत आल्यावर स्कॅनर लावतो. कोड नाही.

रात्री ८
ड्रायव्हरला बजावतो: बाहेरच्या वायरीत मुरलेलं ऑइल अजून काही दिवस प्लगात झिरपत राहील. आठवड्यानं ये, पुसून देतो. त्यानंतर पुन्हा एकदा दाखव.

टॅपेट कव्हरच्या आत इंजेक्टरच्या वायरी असलेली डिझेल गाडी तुमच्याकडे असेल, तर ऑइल बदलताना मेस्त्रीला ईसीएमचा प्लगही बघायला सांगा. ऑइल दिसलं तर आधी ते कुठून येतंय ते शोधून बंद करा. गळती तशीच ठेवून बदललेला ईसीएमही त्याच ऑइलानं खराब होऊ शकतो.