बेतलेला प्रकाश

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगारांचा प्रश्न अशी काहीतरी त्यांची अपेक्षा असावी. ‘लेसरच्या प्रकाशाने अणू कसे गारठवतात’ असे आम्ही सांगितले, तेव्हा ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. दहावीपुढे कॉलेजची पायरी न चढलेल्या संघटनेच्या माणसाने पदार्थविज्ञानावर बोलावे, हे थोडे विपरीतच. परंतु त्याला कारण आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम पाहत होतो. मालकाने पत्रा कापण्यासाठी लेसरचे यंत्र आणायचे ठरवले. करारात एक कलम होते: नवे यंत्र आल्यास कामाची फेरमांडणी करण्यास संघटनेची हरकत राहणार नाही. पगारवाढीच्या आकड्यावर आम्ही तीन रात्री भांडलो, आणि त्या कलमावर तीन मिनिटेही बोललो नाही. लेसर म्हणजे कसला तरी बारीक लाल दिवा, एवढीच आमची समजूत. यंत्र आले. पत्रा कापणारे आणि प्रेसवर भोके पाडणारे अकरा जण वर्षभरात ‘जास्तीचे’ ठरले. त्यांतल्या एकाने आम्हांला शांतपणे विचारले, “दादा, सही करताना ते यंत्र काय करतं, हे तुम्हांला ठाऊक होतं का?” ठाऊक नव्हते. दोष मालकाचा होताच, पण अज्ञान आमचे होते. तेव्हापासून जमेल तसे, जमेल तिथून आम्ही वाचू लागलो.

प्रकाशाविषयी वाचता वाचता एक गोष्ट अशी हाती आली की, प्रथम ती आम्हांला छापण्यातली चूक वाटली. ज्या लेसरने पोलाद वितळते, त्याच जातीच्या प्रकाशाने अणू गार करता येतात. आणि साधे गार नव्हेत, तर विश्वाच्या पोकळीत कोठेही नसेल इतके गार! हे काम आपल्यापासून फार दूर चालत नाही. पौडहून निघून भूगाव मागे टाकले आणि चांदणी चौकातून पाषाणकडे वळले, की २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था लागते. तेथे ते चालते.

आता उष्णता म्हणजे काय, ते पाहू. उष्णता म्हणजे अणूंची धावपळ. रुबिडियम नावाच्या धातूचा वायू या मांडवातल्या तापमानाला असेल, तर त्याचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. अणू जितके मंद, तितका पदार्थ थंड. उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला केवल शून्य म्हणतात. त्याच्या खाली उतार नाही. तेव्हा वायू थंड करणे म्हणजे धावत्या अणूंना थांबवणे. पण त्यांना धरायचे कशाने? कोणत्याही भांड्याची भिंत त्यांच्याहून गरमच असणार.

येथे प्रकाश कामी येतो. प्रकाश कणाकणांनी येतो आणि प्रत्येक कण ज्यावर आदळतो त्याला बारीकसा धक्का देतो. रुबिडियमच्या अणूला असा एक धक्का बसला, तर त्याच्या वेगात सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटर इतकाच फरक पडतो. म्हणजे ३०० मीटरचा वेग संपवायला पन्नास हजार धक्के हवेत. पण अणू सेकंदाला लाखो-कोटी धक्के घेऊ शकतो, त्यामुळे हे काम सेकंदाच्या काही सहस्रांश भागात उरकते.

धक्का नेमका समोरूनच बसावा, पाठीमागून बसू नये, याची व्यवस्था मात्र चतुराईची आहे. पोलाद कसलाही प्रकाश थोडाफार गिळते आणि तापते. अणू तसा नाही. तो ठरलेल्या रंगाचाच, म्हणजे ठरलेल्या कंपनसंख्येचाच प्रकाश घेतो. आगगाडी आपल्याकडे येत असताना तिची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते आणि पुढे निघून गेली की सूर उतरतो, हे फलाटावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानांना माहीत आहे. प्रकाशाचेही तसेच. शास्त्रज्ञ लेसरची कंपनसंख्या अणूच्या आवडीपेक्षा किंचित खाली ठेवतात. जो अणू प्रकाशाच्या दिशेने धावत येतो, त्याला ती चढलेली भासते, नेमकी जुळते, आणि तो धक्का खातो. पाठमोऱ्या अणूला ती आणखी उतरलेली भासते. तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वर-खाली, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे असे सहा झोत सोडले, की अणू जिकडे पळू पाहील तिकडून त्याला मागे लोटले जाते.

मग ती उष्णता जाते कोठे? हा प्रश्न एका द्वारसभेनंतर आम्हांला एका फिटरने विचारला, आणि प्रश्न अगदी योग्य होता. घेतलेला प्रकाश अणू पुन्हा बाहेर टाकतो. आत घेताना कमी ऊर्जेचा घेतला, बाहेर टाकताना सरासरीने जरा जास्त ऊर्जेचा टाकला. प्रत्येक व्यवहारात अणूच्या खात्यातून थोडी रक्कम बाहेर जाते. पन्नास हजार व्यवहारांत खाते रिकामे होते. या युक्तीबद्दल चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स या तिघांना १९९७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची पायरी आपल्या घरातली आहे. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, कारण त्यातले सर्वांत तापलेले कण वाफ होऊन निघून जातात आणि मागे थंड कण उरतात. गारठवलेल्या अणूंमधले त्यातल्या त्यात चपळ अणू असेच निसटू दिले, की उरलेले केवल शून्याच्या वर अंशाच्या एक कोट्यांशाच्या आसपास पोहोचतात. तेथे एक नवल घडते. अणूला लाटेचाही गुण असतो आणि तो जितका मंद, तितकी त्याची लाट लांब. शेवटी सगळ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि हजारो अणू एकाच लाटेसारखे वागू लागतात. याचा पाया ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली घातला. त्यांनी आपला लेख आइन्स्टाइनकडे पाठवला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला आणि तो विचार पुढे नेला. प्रत्यक्ष असा वायू अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९९५ च्या जूनमध्ये तयार झाला. विचारापासून वस्तूपर्यंत सत्तर वर्षे लागली.

या वायूला हवे तसे वागवायचे तर प्रकाश बेतावा लागतो. शिंपी कापड बेततो, तसाच. अणूच्या आवडीच्या रंगापासून बराच तांबडीकडे सरकवलेला प्रकाश अणूला आपल्या उजेडाकडे ओढतो. निळीकडे सरकवलेला त्याला लोटतो. तेव्हा जिथे जसा उजेड पाडाल, तिथे तशी भिंत किंवा तसा खळगा तयार होतो. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये लाखो सूक्ष्म आरसे असलेली चकती असते. तशीच चकती वापरून उजेडाचे वर्तुळ, नळी, पेटी असा पाहिजे तो आकार काढता येतो. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रकाशाच्या भिंतींची पेटी करून त्यात असा वायू कोंडला.

समोरासमोरून दोन सारखे झोत सोडले, तर उजेड-अंधाराचे पट्टे ओळीने उभे राहतात. मुळशीकरांना याचे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल: डोंगरउतारावरची भाताची खाचरे आणि मधले बांध. झोत मंद असला, म्हणजे बांध ठेंगणे असले, तर अणू या खाचरातून त्या खाचरात पाण्यासारखे वाहतात. झोत प्रखर केला, म्हणजे बांध उंच केले, की वाहणे थांबते आणि लावणीच्या रोपांसारखे अणू जागच्या जागी मोजून बसतात. म्युनिकमध्ये २००२ साली हे करून दाखवण्यात आले. खऱ्या धातूत विजेचे कण कसे वाहतात आणि कसे अडतात, याची ही मोठ्या मापाची प्रतिकृतीच होय.

आपल्या पाषाणच्या संस्थेत उमाकांत रापोल आणि एम. एस. संथानम यांच्या गटांनी प्रकाश वेगळ्या रीतीने बेतला: जागेत नव्हे, तर वेळेत. पट्ट्यांचा हा प्रकाश एकसारखा चालू न ठेवता ठरावीक अंतराने क्षणभरच लावायचा. प्रत्येक चमकीला अणूंना एक टपली. जुन्या यंत्रशास्त्राप्रमाणे टपल्या पुरेशा जोरकस असतील, तर अणूंची ऊर्जा सरासरीने वाढतच जायला हवी. पण लाटेचा गुण आड येतो आणि काही टपल्यांनंतर वाढ थांबते. ही शिस्त बाहेरच्या खडखडाटाने मोडते, हे ठाऊक होते. या मंडळींनी मुद्दामच टपल्यांच्या मालिकेत बिघाड पेरले, पण बिघाडांमधली अंतरे अशी ठेवली की कधी ती आखूड, तर कधी फारच लांब असावीत. तेव्हा असे दिसले की शिस्त नेहमीच्या खडखडाटात जितक्या झपाट्याने मोडते, तितक्या झपाट्याने येथे मोडत नाही. हे काम २०१७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढच्या काळातल्या पुंज-संगणकाचा मोठा शत्रू हा खडखडाटच आहे. तो शत्रू कसा चालून येतो, हे समजणे म्हणूनच मोलाचे.

याने पोट भरेल काय, असे कोणी विचारील. आज नाही, हे आम्ही सरळ सांगतो. पण प्रकाशाच्या खाचरांत बसवलेल्या अणूंची घड्याळे विश्वाच्या वयाइतक्या काळातही एका सेकंदाने चुकणार नाहीत, इतकी नेमकी झाली आहेत. गारठलेले अणू खाली पडू देऊन गुरुत्वाकर्षण मोजतात आणि जमिनीखालची पोकळी शोधतात; बर्मिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली असा एक गाडलेला बोगदा हुडकून दाखवला. आपल्या सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले, आणि तिच्यातले मोजमापाच्या साधनांचे केंद्र पवईच्या आय.आय.टी.त आहे. हा पैसा कर भरणाऱ्या तुमचा-आमचा आहे.

मुळशीला हे वेगळे सांगायला नको. येथले पाणी अडवून मुंबईसाठी वीज करायचे ठरले, तेव्हा ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्यांना कोणी विचारले नाही. म्हणून १९२१ साली येथे सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी तो लढवला. विजेला विरोध हा त्याचा अर्थ नव्हता. विचारल्यावाचून आमच्यावर काही लादू नका, हा त्याचा अर्थ होता. परंतु विचारले गेल्यावर उत्तर देता आले पाहिजे, आणि त्यासाठी आधी समजले पाहिजे. हे दुसरे अर्धे काम आपले आहे.

म्हणून आता आम्ही करारात एक कलम आग्रहाने मागतो: नवे यंत्र येण्यापूर्वी ते काय करते, हे कामगारांना समजावून सांगावे आणि जुन्याच माणसांना त्यावर शिकवावे. दोन ठिकाणी ते मिळाले, अनेक ठिकाणी मिळाले नाही. त्या अकरा जणांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे कधी पाषाणच्या प्रयोगशाळेतले एखादे यंत्र पिरंगुटच्या कारखान्यात येऊन उभे राहील आणि कोणी तरुण कामगार तोच प्रश्न विचारील. तेव्हा संघटनेच्या माणसाला ‘होय, ठाऊक होते’ असे म्हणता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.