पंधरापैकी सात

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते, गुण देण्यात माझा जन्म चाललाय. तरी परळच्या केईएममध्ये पहिल्या सकाळी एक शिकाऊ डॉक्टर "सात आहे" म्हणाले, तेव्हा मलाच विचारावं लागलं, कितीपैकी?

"पंधरापैकी."

आमचे अप्पा धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. अष्टमी गावात घर. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सलामी देतात. ती बघायला ते पूल ओलांडून रोह्यात गेले होते. परत आले, चहा मागितला आणि कप उजव्या हातातून सुटला. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द बोबडे. शेजारच्या काकी म्हणाल्या, "वारं गेलं अंगावरून." आईने कांदा हुंगवला, कुणी पाय चोळले. पाऊण तास असाच गेला. तो पाऊण तास मला अजून पुरतो.

उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब निघाला २१० वर १२०. गोळी तीन महिने बंद होती, कारण "आता बरं वाटतंय". मग १०८ ची गाडी, भिसे खिंड, वाकण, पेण. प्रत्येक खड्ड्याला आई त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरत होती. वाटेत एका खासगी दवाखान्यात सीटी स्कॅन झालं; तिथे आधी अनामत रकमेचं बोलले, मग आजाराचं.

लकवा म्हणतो तो दोन प्रकारांनी होतो, हे मला तेव्हा कळलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा वाहिनी फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं. वाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आधी स्कॅन. अप्पांची डाव्या बाजूची वाहिनी फुटली होती. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते.

कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. आत मेंदू, रक्त आणि पाणी. एक वाढलं की दुसऱ्याने जागा द्यायची. या विचाराचा पाया अलेक्झांडर मन्रो या स्कॉटिश वैद्याने १७८३ मध्येच घातला होता. जागा संपली की मेंदू खाली दबतो आणि श्वास थांबतो. म्हणून रात्री शस्त्रक्रिया करून कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हाड पोटात ठेवलंय.

"पोटात?" आई म्हणाली. "शिवून?"

हो, शिवून. पोटाच्या कातडीखाली, चरबीत. स्वतःच्याच शरीरात हाड नीट राहतं, सूज उतरली की काही आठवड्यांनी परत बसवतात. त्यानंतर आई अप्पांच्या पोटावरची चादरसुद्धा जपून सरळ करायची. डोक्यापेक्षा तिला पोटाचीच काळजी जास्त.

आता ते गुण. ही मोजपट्टी ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये बनवली. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा. गंमत म्हणजे शून्य कुणालाच नाही. काहीच न करणाऱ्यालाही तीन मिळतात. माझ्या वर्गात कोऱ्या पेपरला मी तीन देत नाही. पुढे अप्पांच्या घशात नळी गेली, म्हणून बोलण्याचा विषयच बाद. वहीत त्या जागी नुसतं 'टी' लिहायचे.

बाहेर व्हरांड्यात चटया टाकलेल्या. साताऱ्याची एक बाई, उत्तर प्रदेशातला एक भाऊ, आम्ही. "तुमचं आज किती?" हा तिथला रामराम. दादा दिवा–रोहा गाडीने ये-जा करायचा. उपचारांच्या सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड हवं होतं. ते अष्टमीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली आईच्या कनवटीला परळला. एक दिवस त्यातच गेला. ही महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. हे मला तिथल्या आरोग्यमित्राकडून कळलं.

दर दोन तासांनी कूस बदलायला सिस्टरांनी शिकवलं. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि जखम होते. याच इस्पितळातल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ ते २०१५ इथेच अंथरुणाला खिळून होत्या आणि परिचारिकांनी त्यांना अंथरुणाच्या जखमा होऊ दिल्या नाहीत. वर्तमानपत्रात वाचलेली ती गोष्ट मला तोवर नुसती दुःखाची वाटायची. अप्पांना कुशीवर वळवताना माझी कंबर धरली, तेव्हा त्यातली मेहनत दिसली.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी अप्पांच्या छातीच्या हाडावर बोटं रगडली. अप्पांनी डावा हात उचलून त्यांचा हात झिडकारला. हालचालीचे पाच! आई म्हणाली, "चिडले." दादा व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना पाच बोटं दाखवून आला.

हाड तीन महिन्यांनी जागेवर गेलं. आता अप्पा अष्टमीत, ओटीवर. उजवा हात मांडीवर पडून असतो, शब्द उलटसुलट येतात. सकाळी स्वयंपाकघराकडे बघून "पालखी, पालखी" म्हणतात. आई चहा ओतते आणि कप त्यांच्या डाव्या हातात देते.