नोंदवहीतून पुसलेली मुले

दुसऱ्या महायुद्धात दडून राहिलेले ज्यू मूल म्हटले की आम्स्टरडॅमची अ‍ॅन फ्रँक आठवते. ती निदान आईवडिलांसह दडली होती. त्याच शहरातील शेकडो बालकांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. त्यांना वाचवावयाचे तर प्रथम आईच्या हातून सोडवून घेणे भाग होते.

मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड व्यापले आणि १९४२ च्या उन्हाळ्यापासून ज्यूंची रवानगी सुरू झाली. आम्स्टरडॅमच्या एका रुंद रस्त्यावर जुने नाटकगृह होते. पकडून आणलेल्या कुटुंबांना तेथे कोंडीत. तेथून वेस्टरबोर्कची छावणी आणि पुढे आउश्विट्झ किंवा सोबिबोर, असा तो प्रवास असे. नाटकगृहात दाटी फार झाली, तेव्हा लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवू लागले. या व्यवस्थेतच एक फट राहून गेली.

पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल या स्वतः ज्यू होत्या. नाटकगृहाचा कारभार पाहणारा वाल्टर झ्यूस्किंड हाही जर्मनीतून आलेला ज्यू. मूल पळविणे एक वेळ सोपे. पण कागदावर त्याचे नाव राहिले तर गाडी सुटताना मोजणीत ते उणे पडणार! म्हणून झ्यूस्किंड व त्याचे सोबती आधी नोंदीतून नाव नाहीसे करीत. मुलाला बाहेर काढण्यापूर्वी आईवडिलांची संमती विचारीत. पुष्कळांनी नकार दिला, आणि त्यांना दोष कोणी द्यावा? गाडी कोठे जाते हे त्यांना ठाऊक नव्हते. मूल अनोळखी माणसाच्या हाती जाते, एवढेच दिसत होते. ज्यांनी होकार दिला त्यांतील एखादी माता कापडात गुंडाळलेली बाहुली छातीशी धरून गाडीत चढे.

तान्ही मुले पाठपिशवीतून व धुण्याच्या टोपलीतून बाहेर जात. समोरच्या नाटकगृहाच्या दाराशी पहारा असे. ट्राम येऊन मध्ये उभी राहिली की पहारेकऱ्याला क्षणभर पलीकडचे दिसत नसे. तेवढ्यात मूल घेतलेली तरुणी चालू लागे. शेजारीच शिक्षकांचे अध्यापन विद्यालय होते. त्याचे प्रमुख योहान व्हान हुल्स्ट यांच्या बागेच्या कुंपणावरूनही मुले पलीकडे दिली जात. पुढचे काम विद्यार्थ्यांच्या गुप्त मंडळांचे. काळ्या केसांची मुले बहुधा दक्षिणेकडील लिंबुर्ख प्रांतात आणि सोनेरी केसांची उत्तरेकडील फ्रीसलंडमध्ये पाठवीत. म्हणजे गावात मूल वेगळे दिसू नये. कोणी विचारले तर ते बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या रॉटरडॅमचे. अशा रीतीने सुमारे ६०० मुले वाचली.

जुलै १९४३ मध्ये पिमेंटेल यांना पकडून नेले. आउश्विट्झमध्ये त्यांचा अंत झाला. सप्टेंबरअखेर पाळणाघरच रिकामे करण्यात आले. शेवटच्या घटकेस आणखी मुले नेण्याची संधी व्हान हुल्स्ट यांना मिळाली. निवड करावयाची ती त्यांनीच. त्यांनी बारा मुले घेतली. तेरावे का घेतले नाही, हा प्रश्न त्यांना वृद्धपणीही छळीत असे. २०१८ मध्ये ते १०७ व्या वर्षी वारले. झ्यूस्किंड युद्ध संपण्यापूर्वीच मरण पावला. त्याची पत्नी व मुलगीही वाचली नाही.

लपलेल्या मुलाला सर्वांत कठीण पाठ होता तो नव्या नावाचा. झोपेतून उठविले तरी तेच नाव सांगता आले पाहिजे. कॅथलिक घरी गेलेले मूल जेवणापूर्वी क्रुसाची खूण करावयास शिके. तीन-चार वर्षांचे मूल हे सारे लवकर शिकते आणि पहिले तितक्याच लवकर विसरते. म्हणून १९४५ नंतरही प्रश्न सुटला नाही. छावणीतून जिवंत परतलेल्या आईला मूल ओळखीना; ज्यांचे कोणीच परतले नाही, त्यांचा पालक कोण हे ठरविण्यासाठी सरकारला आयोग नेमावा लागला. सांभाळणाऱ्यांनी प्राण धोक्यात घातले होते, माया लावली होती. पण मायेलाही मर्यादा असावी लागते. एका ज्यू मुलीला तिच्या समाजाच्या स्वाधीन करावे असे ठरले असता, तिला वाढविणाऱ्या कॅथलिक भगिनींनी ती देण्याचे नाकारले आणि वर्षानुवर्षे तिला दडवून ठेवले. जर्मनांपासून एकदा लपविलेली ती मुलगी अशी दुसऱ्यांदा लपविली गेली, आणि सज्ञान झाल्यावर, १९६१ मध्ये, लोकांसमोर आली.