सांधेरोपण आणि रक्ताची काटकसर

झिजलेला गुडघा किंवा खुबा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविणे ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. रायपुरातही अशा शस्त्रक्रिया नित्य होतात. परंतु त्यासाठी हाड कापावे लागते, आणि कापलेल्या हाडाच्या मज्जेतून पाझरणारे रक्त, वाहिनीला चिमटा लावून थांबवावे तसे थांबविता येत नाही. प्रौढ माणसाच्या अंगी सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाय न योजल्यास त्यातील अर्धा ते दीड लिटर या कामी खर्ची पडू शकते. यातील बराचसा भाग डोळ्यांना दिसतही नाही. टाके घातल्यावरही दोन-तीन दिवस तो आतल्या आत झिरपत राहतो.

ही तूट बाहेरच्या रक्ताने भरून काढण्याची वहिवाट पूर्वी होती. दुसऱ्याचे रक्त संजीवनी खरे, पण ते सर्वस्वी निर्धोक नव्हे, आणि रक्तपेढीत ते मुबलकही नसते. म्हणून काटकसर आधीपासूनच करावयाची. आम्हा सरकारी माणसांना काटकसर आठवते ती मार्च महिना उजाडल्यावर. शल्यचिकित्सकाला तसे करून चालत नाही. शस्त्रक्रियेच्या चार-सहा आठवडे आधी हिमोग्लोबिन तपासावे. ते पुरुषांत 13 आणि स्त्रियांत 12 ग्रॅमच्या खाली असेल तर कारण शोधावे, व लोहाची उणीव आढळल्यास ती भरून काढावी. रक्त पातळ करणारे एखादे औषध चालू असेल, तर रुग्णाने ते न विचारताच सांगावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी मुख्य भिस्त असते ती ट्रॅनेक्झामिक आम्लावर. जपानमधील उताको ओकामोतो व त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी 1962 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. इंग्लंडात जॉन चार्न्ली यांनी टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी असलेला आपला कृत्रिम खुबा बसविण्यास आरंभ केला तोही त्याच वर्षी. पण या दोहोंची गाठ पडावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. औषधाचे कार्य समजावयास अवघड नाही. जखमेवर रक्त गोठून राहते ते फायब्रिनच्या तंतूंच्या जाळ्यामुळे. हे जाळे विरघळविणारे प्लाझ्मिन नावाचे द्रव्यही शरीरच निर्माण करते, आणि शस्त्रक्रियेनंतर ते नेमके जोर धरते. ट्रॅनेक्झामिक आम्ल प्लाझ्मिनच्या पूर्वद्रव्याला तंतूंवर पकडच घेऊ देत नाही. ते जाळे नव्याने विणीत नाही, विणलेले टिकवून धरते. औषध स्वस्त आहे आणि ते शिरेतून किंवा थेट सांध्यात देता येते. जोडीला भूलतज्ज्ञ कण्यातून भूल देऊन रक्तदाब बेताने खाली ठेवतो, म्हणजे पाझर आणखी कमी होतो.

रायपूरच्या परिसरात मात्र एवढ्याने भागत नाही. छत्तीसगडात, आणि विदर्भातही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. 1956 पर्यंत हे दोन्ही मुलूख एकाच राज्यात होते. सीमा पुढे बदलल्या, रक्त बदलले नाही. विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी मांडीच्या हाडाच्या माथ्याकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबवितात. हाड मृत होऊन ढासळते, आणि एरवी साठीत लागणारा कृत्रिम खुबा विशी-तिशीतल्या तरुणाला लागतो. त्याचे हिमोग्लोबिन मुळातच सात-आठ ग्रॅमच्या घरात. गमवावयास त्याच्यापाशी शिल्लक थोडी. पण वर सांगितलेला प्रत्येक उपाय येथे फिरून तपासावा लागतो. वारंवार रक्त घेतलेल्या अशा रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते, तेव्हा लोहाच्या गोळ्या डोळे मिटून देता येत नाहीत. रक्तदाब फार उतरला, अंग गार पडले किंवा पाणी कमी झाले, तर पेशी अधिकच विळ्यासारख्या वाकतात. त्याच्या रक्ताचा कल मुळातच गुठळ्यांकडे असल्याने ट्रॅनेक्झामिक आम्लही तोलूनमापून द्यावे लागते. बाहेरचे रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या फार पुढे नेले, तर रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबण्याचे भय असते.

अशा वेळी नातलग रक्त द्यावयास धावून येतात. विकार आनुवंशिक असल्यामुळे धडधाकट दिसणारा सख्खा भाऊही त्याचा वाहक असू शकतो, आणि वाहकाचे रक्त सिकलसेलच्या रुग्णाला देण्याचे शक्यतो टाळतात, मग गट जुळत का असेना. म्हणून दात्याची सिकलसेल तपासणी करावी लागते, मुख्य गटाखेरीज उपगटही जुळवावे लागतात. याला वेळ लागतो. यास्तव शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच दिवशी रक्तपेढीला तशी सूचना गेलेली असावी.